घामाच्या वस्त्राचे शौच

वाशीमहून मंगरुळपीरच्या सडकेने पहाटे सायकल हाकीत निघालेला मनुष्य ऊन चढण्यापूर्वी घरी परततो, तेव्हा बैठकीच्या जागी जाड गादी शिवलेली त्याची ती तंग विजार घामाने निथळत असते. आणि ती तशीच बोळा करून कोपऱ्यात टाकावी, दुसऱ्या कोणाच्या हवाली करावी, की तत्काळ स्वहस्ते धुवावी, हा प्रश्न वरकरणी गृहकृत्याचा भासला तरी माझ्या मते तो धर्मविचाराच्या हद्दीतला आहे.

धुण्याची रीत काटेकोर आहे. अंगाचा मळ आतल्या बाजूस बसतो, म्हणून वस्त्र उलटे करावे, गार पाण्यात सौम्य साबणाने हलकेच चोळावे, धोपाटणे लावू नये, पीळ देऊ नये. ताणला जाणारा धागा कढत पाण्याने व क्लोरीनने निर्जीव होतो. कपडे मऊ करणारी सुगंधी द्रव्ये तंतूंवर थर धरून घाम बाहेर टाकण्याचा त्यांचा गुणच मारतात. वाळवावे ते वऱ्हाडच्या रणरणत्या उन्हात नव्हे, सावलीत, वाऱ्यावर. आणि गादी पुरती कोरडी होईतो घडी घालू नये, कारण तिच्यात ओल राहिली की जंतू माजतात आणि पुढल्या फेरीस कातडीवर फोड उठतात.

आता शुद्धीविषयी आपल्या मुलखात काय मानले गेले ते पाहावे. श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान असलेल्या कारंज्यात दत्तभक्तांची सोवळ्याची परंपरा आहे. तीत धुतलेले वस्त्र परस्पर्शापासून राखावयाचे. त्याच गावी सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या मुनिपरंपरांची जुनी दिगंबर जैन मंदिरे आहेत. त्या मार्गातील मुनीला वस्त्रच नाही, अस्नान हा त्याच्या २८ मूलगुणांपैकी एक, आणि दशलक्षण धर्मातील उत्तम शौच म्हणजे लोभाचा अभाव. योगसूत्रकार पतंजलींनी तर शौचाचे फळ म्हणून स्वदेहाविषयीची जुगुप्सा सांगितली.

या थोर मतांपुढे नम्र होऊनही मला असे वाटते की, श्रमातून आलेल्या घामाची घृणा करण्याचे कारण नाही. तो वस्त्रात कुजू देणे, अथवा त्याचा भार दुसऱ्यावर लादून स्वतः शुद्ध म्हणून मिरवणे, हेच खरे अशौच. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगावी १८७६ साली परीट कुळात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली; त्यांची ती शुद्धी स्पर्शाला भिणारी नव्हती. मळ जेथे असेल तेथे हात घालणारी होती. ज्यांच्या कुळाने पिढ्यान्‌पिढ्या इतरांचे कपडे धुतले, त्यांनीच आपली घाण आपण काढण्याचा धडा सर्वांना घालून द्यावा, यात आपल्या समाजाने ओशाळावे असे बरेच आहे.

शिवाय जो आपले वस्त्र निगुतीने धुतो, त्याचे वस्त्र अधिक काळ टिकते, आणि टिकलेल्या वस्त्रावर संतुष्ट राहणाऱ्याची नव्याची हाव ओसरते. म्हणजे पाण्याने आरंभलेले शौच मुनींनी सांगितलेल्या निर्लोभतेच्या वाटेला लागते. गृहस्थाला मुनीचा त्याग झेपत नाही. पण आपला मळ आपल्या हातांनी धुणे आणि आहे ते जपणे एवढे व्रत त्याला खचित झेपते, आणि माझ्या मते धर्म म्हणण्यास तेवढे पुरेसे आहे.