धृती : संकटात काय धरून ठेवावे?

देवळात येणारा प्रत्येक भाविक सुखातच येतो असे नाही. कोणाच्या घरी नुकतेच दुःखद निधन झालेले असते, कोणाचे हाताशी आलेले पीक गेलेले असते, कोणी रुग्णशय्येवरील आप्तासाठी नवस बोलावयास आलेला असतो. गाभाऱ्यासमोर हात जोडून उभे राहिल्यावर अशा बहुतेकांच्या ओठी एकच मागणे येते : देवा, धीर दे. हा धीर म्हणजे नेमके काय, याचा विचार मात्र क्वचितच होतो. डोळ्यांत पाणी न येणे म्हणजे धीर काय? की आतले दुःख चारचौघांत कळू न देणे म्हणजे धीर?

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचे तीन प्रकार सांगितले आहेत. धृती हा शब्द ‘धृ’, म्हणजे धरणे, या धातूपासून झाला आहे. धर्म हा शब्दही त्याच धातूचा. मन, प्राण आणि इंद्रिये यांचे व्यापार योगाने सावरून धरते ती सात्त्विक धृती. फळाची इच्छा ठेवून धर्म, अर्थ व काम यांना धरून राहते ती राजस. निद्रा, भय, शोक, विषाद आणि मद यांना जी सोडीत नाही, ती तामस. या तिसऱ्या प्रकारापाशी वाचकाने क्षणभर थांबावे. शोकाला कवटाळून बसणे हीदेखील एक धृतीच आहे, असा याचा अर्थ होतो. तिलाही बळ लागते. वर्षानुवर्षे दुःख जपणारी माणसे काही दुबळी नसतात. मग मनुष्याने किती घट्ट धरले यापेक्षा काय धरले, हे पाहणे प्राप्त होते.

या दृष्टीने पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे चरित्र पाहण्यासारखे आहे. तीर्थयात्रा करणाऱ्यास त्यांचे नाव नवे नाही. काशी येथील श्रीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० मध्ये पुन्हा उभे केले, सोमनाथ येथे १७८३ मध्ये नवे देवालय बांधले, गया येथील विष्णुपद मंदिराची उभारणी १७८७ मध्ये केली. घाट, धर्मशाळा, विहिरी आणि अन्नछत्रे तर देशभर झाली. हा सर्व खर्च दौलतीच्या खजिन्यातून न करता त्यांनी आपल्या खासगी उत्पन्नातून केला, ही गोष्ट दानधर्म करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. परंतु या कार्याच्या मागे घरात काय घडत होते, हे दर्शनाच्या गर्दीत कोणाच्या मनात येत नाही.

अहिल्यादेवींचा जन्म १७२५ मध्ये चौंडी या गावी झाला. हे गाव आज अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव मारले गेले. त्या सहगमनास सिद्ध झाल्या असता सासरे मल्हारराव यांनी पदर पसरावा तशा काकुळतीने त्यांना थांबविले. पुत्र गेला, आता सूनही गेली तर या म्हाताऱ्याने कोणाकडे पाहावे, असा त्यांच्या विनवणीचा भाव होता. मल्हाररावांनी नुसते सांत्वन केले नाही. सुनेवर कामे सोपविली. १७६५ मधील त्यांच्या पत्रांतून तोफखाना व दारूगोळा पुढे नेण्याविषयीच्या सूचनाही अहिल्यादेवींना गेलेल्या दिसतात. दुःखी माणसाला आधार द्यावयाचा तो कसा, याचा हा नमुना आहे. उपदेशापेक्षा ‘तुझ्यावाचून हे अडेल’ हा विश्वास अधिक उपयोगी पडतो.

पुढे १७६६ मध्ये मल्हारराव निवर्तले. त्यानंतर वर्षभरातच एकुलता एक पुत्र मालेराव गेला. राज्य निराधार झाले असे समजून रघुनाथराव पेशवे फौजेनिशी क्षिप्रेपर्यंत आले, परंतु अहिल्यादेवींची तयारी पाहून ते मातमपुर्सीचे निमित्त सांगून परतले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. तिची थोरवी आहेच. तथापि समोर प्रतिपक्ष उभा असला म्हणजे मनुष्य ताठ उभा राहतो; त्या ताठपणाला समोरचा विरोधच टेकू देत असतो. खरी कसोटी याहून निराळी होती आणि ती वृद्धापकाळी आली.

अहिल्यादेवींची कन्या मुक्ताबाई हिचा एकुलता एक पुत्र नथ्याबा तरुणपणीच वारला. पाठोपाठ १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे निधन पावले आणि मुक्ताबाईने सती जाण्याचा निश्चय केला. सर जॉन माल्कम यांनी मध्य हिंदुस्थानावरील आपल्या १८२३ च्या ग्रंथात हा प्रसंग नोंदविला आहे. मातेने लेकीची परोपरीने विनवणी केली. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याने जे शब्द सुनेला सांगितले असतील, त्याच जातीचे शब्द आता आई मुलीला सांगत होती. या वेळी ते फळले नाहीत. आई आता थकली आहे; तिच्यामागे आपण एकट्याने कोणासाठी जगावे, असे मुक्ताबाईचे उत्तर होते. रूढीपुढे मातेचे आणि राज्यकर्तीचेही बळ अपुरे पडले. ही प्रथा बंगाल इलाख्यात कायद्याने बंद झाली ती १८२९ मध्ये. त्या प्रथेचा गौरव करण्याचे काहीच कारण नाही. येथे पाहावयाचे ते आईकडे.

अहिल्यादेवी नर्मदातीरी चितेपर्यंत चालत गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांचे हात धरले होते. पहिली ज्वाळा उठेपर्यंत त्यांनी स्वतःला सावरले. मग मात्र त्यांचा आक्रोश आवरेना. धरलेले हात सुटेनात तेव्हा त्यांनी ते आपल्याच दातांनी चावले. पुढे नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या आणि तीन दिवस जवळजवळ अन्नावाचून राहिल्या. या तीन दिवसांत त्यांच्या मुखातून एक शब्दही उमटला नाही.

कित्येक चरित्रकार हा भाग दोन ओळींत आटोपतात. पुण्यश्लोक स्त्रीने असा आकांत करावा, हे त्यांना गैर वाटत असावे. वस्तुतः हाच भाग लपविण्यासारखा नाही. ज्या भाविकाला वाटते की आपण ढसाढसा रडलो म्हणजे आपली श्रद्धा उणी पडली, त्याने महेश्वरच्या त्या घाटाचे स्मरण करावे. धृती असणाऱ्याचाही बांध फुटतो. त्या तीन दिवसांत शोकाने त्यांना पूर्णपणे धरले होते. त्यांनी शोकाला कायमचे धरले नाही, इतकेच.

त्यानंतर त्यांनी मृतांच्या स्मरणार्थ एक सुंदर वास्तू उभारण्याचे काम हाती घेतले. त्यांचा नित्यक्रम माल्कमने दिला आहे. पहाटेपूर्वी उठून पूजा, पुराणश्रवण व दानधर्म. दुपारपासून सूर्यास्तापर्यंत दरबारात बसून रयतेची गाऱ्हाणी ऐकणे. सायंकाळी पुन्हा उपासना. आणि रात्री अकराच्या सुमारापर्यंत राज्याचे कामकाज. राजाज्ञेवर त्या स्वतःच्या नावाऐवजी ‘श्रीशंकर’ असे लिहीत. राज्य देवाचे आणि आपण केवळ कारभारी, ही त्यांची धारणा होती. कारभाऱ्याला रजा नसते. घरी काहीही घडले तरी दुसऱ्या दिवशी फिर्यादी दारात उभा असतोच आणि त्याचे दुःखही तितकेच खरे असते. १७९५ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी हा कारभार पाहिला.

महेश्वरच्या किल्ल्यात त्यांच्या काळापासून लिंगार्चनाची प्रथा चालत आली आहे. ब्राह्मण मातीची असंख्य इवली शिवलिंगे हातांनी वळतात, पाटावर मांडून त्यांची पूजा होते आणि पूजेनंतर ती सर्व नर्मदेत सोडली जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा माती भिजविली जाते.