पाणी गेले तरी तोच दगड?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, लाउडन परगण्यात, न्यू गूस क्रीक नावाची दगडखाण आहे. तिथल्या डायाबेस खडकाच्या पोकळ्यांत काही बारीक, रंगहीन स्फटिक सापडले आणि 1980 मध्ये खनिजशास्त्रज्ञांनी त्यांना नवे खनिज म्हणून मान्यता दिली. खाणीवरूनच त्याचे नाव पडले गूसक्रीकाइट. ते झिओलाइट कुळातले, आणि त्या कुळातही दुर्मिळ. काचेसारखी चकाकी, कठीणता साडेचारच्या आसपास, पाण्याच्या जेमतेम सव्वादोन पट जड. घटक पाहिले तर कॅल्शियमचा एक अणू, ॲल्युमिनियमचे दोन, सिलिकॉनचे सहा, ऑक्सिजनचे सोळा आणि पाण्याचे पाच रेणू.

खरा पेच या यादीपासूनच सुरू होतो. गुस्टाव्ह रोझे यांनी 1826 मध्ये वर्णन केलेला एपिस्टिलबाइट घ्या. त्यातही कॅल्शियम एक, ॲल्युमिनियम दोन, सिलिकॉन सहा, ऑक्सिजन सोळा. पाणी मात्र सव्वापाच रेणूंच्या आसपास. जपानमधल्या युगावारा या गरम झऱ्यांच्या गावातून 1952 मध्ये पुढे आलेला युगावारालाइट घ्या. त्यातही तेच अणू त्याच प्रमाणात, पाणी फक्त चार रेणू. म्हणजे तिन्ही खनिजांची सामग्री जवळपास एकच. तरीही त्यांना तीन वेगवेगळी खनिजे म्हणतात, कारण अणू एकमेकांना कसे जोडले आहेत हे तिघांत वेगळे आहे. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम यांच्याभोवती चार-चार ऑक्सिजनचे चौफलक असतात. हे चौफलक कोपऱ्यांनी जोडले जाऊन एक सांगाडा उभा राहतो, त्यात बोगदे आणि कोठड्या राहतात, आणि त्या पोकळीत पाणी आणि कॅल्शियम, सोडियमसारखे धातू वस्ती करतात. सांगाडा बदलला की खनिज बदलले, असे हे शास्त्र मानते.

पण वस्तूची ओळख सामग्रीत नसून रचनेत आहे, हे ठरवले कोणी? निसर्गाने की माणसाने? हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही. तो तत्त्वज्ञानाचा आहे, आणि भारतीय दर्शनांनी तो जेवढ्या काटेकोरपणे मांडला आहे तेवढा क्वचितच कुठे मांडला गेला असेल.

न्याय आणि वैशेषिक या दर्शनांनी गटांचे दोन प्रकार वेगळे केले. अनेक गायींमध्ये खरोखर असणारे, नित्य आणि एक असे गोत्व ही ‘जाती’. आणि आपण आपल्या सोयीसाठी एखादा धर्म पुढे करून गट बांधला, तर त्या धर्माला म्हणायचे ‘उपाधी’. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास मिथिलेत होऊन गेलेल्या उदयनाचार्यांनी ‘किरणावली’त सहा अडथळे सांगितले, त्यांपैकी एक जरी आड आला तरी तो धर्म जाती ठरत नाही. महाराष्ट्रात संस्कृत शिकलेल्यांना ही चर्चा परकी नाही. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादलेला ‘तर्कसंग्रह’ 1897 मध्ये मुंबईत छापला गेला. भीमाचार्य झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’ची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती 1928 मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढली. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून झिओलाइटांचे वर्गीकरण वाचावे, इतके ते वाद जुळतात.

सहांतला एक अडथळा ‘तुल्यत्व’. घटत्व आणि कलशत्व या दोन जाती होऊ शकत नाहीत, कारण जे घट तेच कलश. खनिजांच्या इतिहासात असे जोडीदार पुष्कळ. स्टिलबाइटलाच जुन्या जर्मन पुस्तकांत डेस्मिन म्हणत. हर्शेलाइट म्हणून मिरवलेले खनिज सोडियमप्रधान चॅबझाइटच निघाले.

आणखी एक अडथळा ‘संकर’, आणि तो अधिक खोल आहे. पृथ्वी, जल, तेज, वायू आणि आकाश ही भूते. पृथ्वी, जल, तेज, वायू आणि मन ही मूर्त द्रव्ये. चार ठिकाणी दोन्ही धर्म एकत्र नांदतात, पण आकाशात फक्त भूतत्व आणि मनात फक्त मूर्तत्व. एकमेकांना असे आडवे छेदणारे दोन्ही धर्म जाती मानता येत नाहीत. झिओलाइटांत नेमकी हीच गुंतागुंत आहे. चॅबझाइटच्या सांगाड्यात कॅल्शियम प्रधान असू शकते किंवा सोडियम. ह्यूलंडाइटच्या सांगाड्यातही कॅल्शियम किंवा सोडियम. सांगाडा एका दिशेने गट पाडतो, धातू दुसऱ्या दिशेने. कोणाला जाती म्हणायचे?

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या डग्लस कूम्ब्स यांच्या नेतृत्वाखालच्या आंतरराष्ट्रीय उपसमितीने 1997 मध्ये झिओलाइटांच्या नामकरणाचे नियम जाहीर केले. सांगाड्याला मुख्य नाव मिळाले, आणि पोकळीतला प्रधान धातू नावाच्या शेपटाला जोडचिन्ह देऊन लावायचा असे ठरले: चॅबझाइट-कॅल्शियम, चॅबझाइट-सोडियम. समितीने या दोन्हींना स्वतंत्र खनिजांचा दर्जा दिला. नैयायिक इथे अडेल, आणि त्याचे अडणे योग्य आहे. सांगाडा ही जाती, शेपूट ही उपाधी, असे म्हणणेच वस्तूला धरून होईल. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला तर अशा दगडातले कॅल्शियम हळूहळू सुटते आणि त्याच्या जागी सोडियम येते. एवढ्याने स्फटिक दुसऱ्याच जातीचा झाला म्हणणे जड जाते.

उदयनाचार्यांच्या यादीतला पहिला अडथळा दुर्मिळ खनिजाला थेट लागू पडतो. व्यक्ती एकच असेल तर जाती नाही. आकाश एकच, म्हणून आकाशत्व ही जाती नव्हे. गूसक्रीकाइटचा सांगाडा दुसऱ्या कोणत्याही नैसर्गिक खनिजात आढळलेला नाही, आणि खनिजशास्त्र तर एखाद्या नमुन्यावरूनही नवे खनिज मान्य करते. मग हा अडथळा खनिजशास्त्र बाजूला सारते का? तसे नाही. एकाच स्फटिकात अणूंची तीच मांडणी, तोच कोष, मोजता येणार नाही इतक्या वेळा पुन्हा पुन्हा येतो. न्यायाला हवी असलेली अनेकता त्या एका कणाच्या पोटातच आहे. पुढे हे खनिज दुसऱ्या देशातही सापडले, पण त्यामुळे त्याच्या जातित्वात भर पडली नाही. ते पहिल्या स्फटिकातच पुरेसे होते.

तो दुसरा देश भारत. गूसक्रीकाइटचे जगातले अव्वल नमुने नाशिकचे मानले जातात. पांडवलेण्यांच्या डोंगराच्या परिसरातल्या काळ्या दगडाच्या खाणीतून, दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांतून, पांढरट, वळणदार, गोलसर झालेले स्फटिक निघाले. व्हर्जिनियाच्या बारीक स्फटिकांपुढे ते चांगलेच मोठे. जगभरच्या संग्राहकांच्या चिठ्ठ्यांवर ‘पांडुलेणा’ हे नाव त्यांच्यामुळे गेले.

याच डोंगरातल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा शिलालेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने ते लेणे भद्रायणीय भिक्षूंना दिल्याची त्यात नोंद आहे. हे भद्रायणीय म्हणजे वात्सीपुत्रीयांची शाखा, आणि वात्सीपुत्रीयांचे मत बौद्ध परंपरेत फार गाजले. माणूस म्हणजे बदलत राहणारे पाच स्कंध, म्हणजे घटकांचे पाच समूह, हे सगळे बौद्ध मानत. वात्सीपुत्रीय म्हणत की या स्कंधांच्या आधाराने ‘पुद्गल’ नावाचे काही असते. ते स्कंधांहून वेगळेही नाही आणि स्कंधच आहे असेही नाही, जसा अग्नी सरपणाहून वेगळा काढता येत नाही आणि सरपण म्हणजेच अग्नीही नव्हे. वसुबंधूंनी ‘अभिधर्मकोशा’च्या नवव्या प्रकरणात या मतावर कडाडून हल्ला केला. आत्मा मागच्या दाराने आत घेतला, हा त्यांचा मुख्य आक्षेप.

दगडाने आत्म्याचा निवाडा होत नाही. तरी घटक येत-जात असताना ‘तेच’ म्हणण्याला आधार काय, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे, आणि झिओलाइट तो डोळ्यांपुढे घडवून दाखवतो. स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी 1756 मध्ये फुंकनळीच्या ज्वाळेत हा दगड उकळल्यासारखा फेसाळताना पाहिला. ऑगस्तँ दामूर यांनी 1840 मध्ये दाखवून दिले की तापवून पाणी काढून टाकले तरी झिओलाइट ते पुन्हा शोषून घेतो. लॉमोंटाइट तर नुसता उघड्या हवेत ठेवला तरी पाणी गमावून भुगा होऊ लागतो. असा अर्धवट सुकलेला लॉमोंटाइट बराच काळ ‘लिओनहार्डाइट’ या वेगळ्या नावाने ओळखला जाई. 1997 च्या समितीने ते नाव रद्द केले: पाणी कमी-जास्त झाल्याने खनिज बदलत नाही.

वैशेषिक आणि नैयायिक यांच्यातला पाकाचा, म्हणजे भाजण्याने होणाऱ्या बदलाचा, जुना वाद इथे जिवंत होतो. कच्चा काळा घडा भट्टीत भाजून लाल होतो. वैशेषिक म्हणतात, अग्नीच्या आघाताने घडा परमाणूंपर्यंत विस्कटतो, परमाणूंचा रंग बदलतो आणि त्यांतून नवा घडा उभा राहतो. हा पीलुपाक. नैयायिक म्हणतात, घडा सच्छिद्र आहे, तेज त्या छिद्रांतून आत शिरते, घडा तोच राहून त्याचे गुण बदलतात. हा पिठरपाक. नैयायिकांचा पुरावा साधा होता: भट्टीत एका घड्यावर रचलेला दुसरा घडा भाजताना कोसळत नाही आणि बाहेर काढल्यावर घडा ओळखू येतो. सच्छिद्र सांगाडा, आतून निघून जाणारे पाणी आणि टिकून राहणारा आकार, हे झिओलाइटाचे वर्णन पिठरपाकाच्या बाजूने साक्ष देते.

सगळेच झिओलाइट मात्र नैयायिकांना साथ देत नाहीत. ह्यूलंडाइट आणि क्लिनोप्टिलोलाइट यांचा सांगाडा एकच आहे. तरीही समितीने आपल्याच नियमाला अपवाद करून त्यांना वेगळी खनिजे मानले, आणि सीमा ठेवली सिलिकॉन-ॲल्युमिनियमच्या 4 या गुणोत्तरावर. त्याखाली ह्यूलंडाइट, 4 किंवा जास्त असेल तर क्लिनोप्टिलोलाइट. निसर्गात नमुने या रेषेच्या दोन्ही बाजूंना सलग सापडतात, म्हणून ही निखळ उपाधी वाटते. पण या भेदामागे एक तापवणे आहे. 1960 मध्ये फ्रेडरिक मम्प्टन यांनी दोघांतला फरक उष्णतेने दाखवला: ह्यूलंडाइटचा मूळ सांगाडा साधारण 350 अंश सेल्सियसनंतर ढासळू लागतो, क्लिनोप्टिलोलाइट 700 अंशांपर्यंतही उभा राहतो. त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी हाच भेद धातूंच्या प्रमाणावर करावा असे सुचवले होते. ते मागे पडले. चारचा आकडा माणसांनी ठरवला, पण मनाला येईल तसा नाही. एकाच रचनेचे दोन दगड भट्टीत घातले तर एकात नैयायिकांचा पाक घडतो आणि दुसऱ्यात, ठरावीक तापमानाच्या पुढे, वैशेषिकांना हवी असलेली मोडतोड सुरू होते, एवढा आधार या भेदाला आहे.