देवराई : दान आणि अस्तेय

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि कोकणात अनेक गावांनी देवाच्या नावाने वन राखले आहे. त्यालाच देवराई म्हणतात. काळकाई, वाघजाई, सोमजाई, भैरव यांची ही ठाणी. राईत कुऱ्हाड चालवायची नाही, वाळलेली काटकीही घरी न्यायची नाही आणि गावाच्या कामासाठी एखादे झाड हवेच असेल, तर आधी देवाचा कौल घ्यायचा, अशी गावोगावची रीत. कुंपण वा पहारेकरी नसतानाही या राया पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या.

देवाच्या कोपाच्या भयाने पाळलेल्या नियमाला धर्म म्हणावे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला. त्या काळात श्रीवर्धन परिसरातील एका लहान गावाने काळकाईची राई तोडीपासून वाचविण्यासाठी त्यांचे साहाय्य मागितले. गावाला पाणी देणारा ओहोळ त्या राईतूनच येत होता. देवीचा धाक आणि पाण्याची जाण ही त्या गावकऱ्यांच्या मनात निराळी नव्हती. भयाने हात आवरला जातो. तो का आवरावा हे उमगले की त्याच नियमाचा धर्म होतो.

राईचा आश्रय केवळ माणसालाच नाही. धनेश पक्ष्याची मादी जुन्या वृक्षाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते आणि नर बाहेरून तिला भरवितो. असा वृक्ष घडण्यास माणसाच्या कित्येक पिढ्या जातात.

आज कोपाचे भय ओसरत आहे. काही ठिकाणी तर देवाच्या सेवेसाठीच राई तोडली जाते. सिमेंटचे मंदिर, सभामंडप, वाहनतळ यांसाठी जागा मोकळी केली जाते. देणाऱ्याचा भाव निर्मळ असतो. परंतु वृक्षांच्या छायेत उघड्यावर नांदलेल्या देवाला छप्पर देताना त्याचे वनच काढून घेतले, तर त्याला दान कसे म्हणावे?

आपल्या शास्त्रांनी दानाप्रमाणेच अस्तेयही सांगितले आहे. अस्तेय म्हणजे जे आपले नाही ते न घेणे. राईतील प्रत्येक वृक्ष देवाचा आहे. म्हणून देवराईत जाणाऱ्या भाविकांनी पायवाट सोडू नये, प्लास्टिक मागे ठेवू नये, पानफूलही तोडू नये; आणि मंदिराच्या बांधकामास देणगी देण्यापूर्वी त्यासाठी एखादे झाड पडणार नाही ना, एवढे अवश्य विचारावे. असे विचारणे हीदेखील देवाची सेवाच होय.