झाकून ठेवलेली भाकर

शास्त्रपाठ : दानीएल 1:8-16, लूक 10:5-8



दानीएल म्हटले की आपल्या शब्बाथ शाळेतील लहान मुलांनाही सिंहांची गुहा आठवते. त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील जेवणाचे ताट मात्र आपण विसरतो. यरुशलेमेहून बाबेलास नेलेल्या तरुणांना राजाच्या मुदपाकखान्यातले पक्वान्न आणि द्राक्षारस नेमून दिला होता. दानीएल व त्याचे तिघे सोबती यांनी तो नाकारला. आम्हांस दहा दिवस भाजीपाला व पाणी देऊन पाहा, मग आमची तोंडे पाहून निर्णय करा, अशी त्यांनी कारभाऱ्याला विनंती केली. दहा दिवसांनंतर राजाचे ताट खाणाऱ्यांपेक्षा हेच चौघे अधिक सतेज व धष्टपुष्ट दिसले.

हा अध्याय आम्ही अनेक वेळा वाचला, त्यावर उपदेशही केला. पण त्याचा अर्थ आम्हांस सिल्वासाच्या एका चाळीत कळला.

आम्ही घरभेटीस गेलो होतो. घरधनीण जव्हारकडची, सुताच्या कारखान्यात पाळीने काम करणारी. आम्ही दारात दिसताच तिने चुलीजवळचे भांडे घाईघाईने ताटाखाली झाकले, आणि धाकट्या मुलाच्या हाती नोट देऊन त्याला बिस्किटे व थंड पेयाची बाटली आणावयास पिटाळले. "पाळकसाहेब, आज आमच्याकडे द्यायला काहीच नाही हो," ती ओशाळून म्हणाली. मूल दारातच थबकले आणि म्हणाले, "आई, आहे की! नागलीची भाकर आहे, टाकळ्याची भाजी आहे!" त्या माउलीने मान खाली घातली.

आम्ही त्या दिवशी तीच भाकर मागून घेतली. पण घास घशाखाली उतरताना मन खात होते. या बाईला आपल्या अन्नाची लाज कोणी शिकविली? विचार करता उत्तर मिळाले, आणि त्यात आमचेही नाव होते. कित्येक वर्षे आम्ही खानवेलच्या बाजूस पाड्यापाड्यांतून भेटी देत फिरलो. जेथे गेलो तेथे कोंबडी कापली गेली, आणि आम्ही ती आदरसत्कार म्हणून आनंदाने खाल्ली. अंडी देणारी ती एकच कोंबडी घरात होती, हे एकदा फार उशिरा आमच्या कानावर आले. प्रभूने सत्तरांना पाठविताना जे पुढे वाढतील ते खा असे सांगितले होते. आम्ही मात्र, न बोलता का होईना, काय वाढावे तेच शिकवून आलो.

बंधुजनहो, येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मांसमच्छी खाणे पाप आहे, असे आम्ही म्हणत नाही. दानीएलाने राजाचे ताट नाकारले ते आपण विटाळू नये म्हणून. पुढे दहाव्या अध्यायात तो तीन आठवडे शोक करतो तेव्हा मांस व द्राक्षारस वर्ज्य करतो, यावरून एरवी तो ते घेत असे हे उघड आहे. रोमकरांस पत्रात पौल सांगतो की, सर्व काही खाणाऱ्याने केवळ भाजीपाला खाणाऱ्यास तुच्छ मानू नये, आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. ख्रिस्ती होणे म्हणजे मांस खाणे नव्हे, हे त्यांनी आपल्या ताटाने दाखविले. पुढे त्याच बाईंनी 1900 सालच्या दुष्काळात गुजरातेतून भुकेल्या मुलींना केडगावच्या मुक्तिसदनात आणून जेवू घातले. आपल्या ताटाविषयी ज्याला लाज नाही, त्याचे हात दुसऱ्याचे ताट भरावयास मोकळे असतात.

मग आज आपल्यापुढे राजाचे ताट कोणते? 1954 साली पोर्तुगीज सत्ता गेली, 1961 साली दादरा आणि नगर हवेली भारतात समाविष्ट झाली, नंतर कारखाने आले. वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांतील तरुण शेत सोडून यंत्रावर उभे राहिले. रोख पैसा हाती आला, ही देवाचीच देणगी. पण त्या पैशाच्या वाटेत कोपऱ्याकोपऱ्यावरचे दुकान उभे आहे, आणि दारात वेफरच्या पुड्यांच्या माळा लोंबत आहेत. शेजारी गुजरातेत दारूबंदी, येथे मात्र दारूची दुकाने उघडी. राजाचा द्राक्षारस आजही आठवड्याच्या पगारातून आपला वाटा अगोदर काढून घेतो. मुलांच्या ताटात उरेल ते पडते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या केंद्रशासित प्रदेशातील पाच वर्षांखालच्या दर 100 मुलांपैकी सुमारे 39 मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. दहा दिवसांनी तोंडे पाहा, असे दानीएल म्हणाला होता. आपल्या मुलांची तोंडे आपण पाहतो काय?

आता त्या झाकलेल्या भांड्यात काय होते ते पाहू. 100 ग्रॅम नागलीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम 10. ते सगळेच अंगी लागत नाही, तरी फरक केवढा आहे पाहा. धान्यात जे प्रथिन कमी पडते ते तूर, उडीद, कुळीथ भरून काढतात. म्हणून भाकरीबरोबर डाळ हवीच. पालेभाजीतील लोह अंगी लागावे म्हणून वर लिंबू पिळावे, आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नये. कडधान्य रात्री भिजत घातले तर सरपण व गॅस वाचतो. खुरासणीची चटणी तेलाची उणीव भरून काढते. दूध, अंडी, मासळी यांपैकी काहीच न घेणाऱ्याने मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-12 जीवनसत्त्वाची गोळी घ्यावी. या भागात सिकलसेलचा आजार आहे. तो केवळ आहाराने बरा होत नाही, त्यासाठी रक्त तपासून औषधोपचार करावा.

रानभाजीविषयीही पवित्र शास्त्र आपणांस सावध करते. दुसरे राजे, चवथ्या अध्यायात दुष्काळाच्या दिवसांत एक जण रानातून अनोळखी फळे आणून हंड्यात चिरतो, आणि खाणारे ओरडतात की हंड्यात मरण आहे. आपल्या आजीला हे ठाऊक होते. शेवळाला काकडाची किंवा चिंचेची आंबट जोड दिली नाही तर घसा खाजतो. कडू कांदा वारंवार उकळून, पाणी बदलून मगच खावयाचा. हे ज्ञान कोणत्याही दुकानात मिळत नाही. आजी गेली की तेही जाईल. म्हणून मुलींनी व मुलांनीही ते तिच्याजवळ बसून शिकावे. आणि कारखान्याच्या सांडपाण्याच्या काठची भाजी कितीही हिरवी दिसली तरी खुडू नये.

पण एवढे सांगून आम्ही थांबलो तर आमचा उपदेश ढोंगी ठरेल. भाजीपाला खाऊन दानीएल सतेज झाला, तसे तुम्हीही व्हा, असे भरल्या पोटी सांगणे सोपे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनाप्रमाणे 2,000 कॅलरींच्या आहारात डाळी-कडधान्ये सुमारे 85 ग्रॅम व भाज्या 400 ग्रॅम हव्यात. पाच मोठी माणसे धरली तर महिन्याला बारा किलोंहून अधिक डाळ झाली! अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबांस माणशी 5 किलो धान्य मिळते, जानेवारी 2023 पासून तेही विनामूल्य. त्याबद्दल देवाचे उपकार मानू. पण त्या 5 किलोंत डाळ नाही. शिवाय बारा तासांची पाळी करून आलेली बाई टाकळा खुडावयास केव्हा जाईल, आणि कोठे? चाळीपुढे रान उरलेले नाही. उघड्या व उपाशी भावाला ऊब घे, पोटभर जेव असे नुसते म्हणून निरोप देणाऱ्यास याकोब काय विचारतो, ते दुसऱ्या अध्यायात वाचा.

म्हणून आम्ही मंडळ्यांपुढे चार गोष्टी ठेवीत आहोत. पहिली, हंगामानंतर दर कमी असताना मंडळीने एकत्र मिळून तूर व उडीद पोत्याने घ्यावेत, आणि घरोघर त्याच दराने वाटून द्यावेत. दुसरी, चर्चच्या आवारात शोभेच्या झाडांबरोबर शेवगा, अंबाडी, मायाळू, कढीपत्ता लावावा. जो पाळीवरून उशिरा घरी जातो त्याला तेथून पाने खुडण्याची मोकळीक असावी. तिसरी, उपकारस्तुतीच्या सणाचे प्रीतिभोजन असे ठेवावे की त्यातील प्रत्येक पदार्थ गरिबातील गरीब घरालाही कर्ज न काढता करता येईल. भात, डाळ, नागलीची भाकर, एक पालेभाजी, एक चटणी. त्या दिवशी मटण नसले म्हणून देवाचे उपकार उणे होत नाहीत. आणि चवथी गोष्ट आम्हां पाळकांसाठी : दारातूनच सांगावे, "ताई, जे शिजले असेल तेच वाढा."

नीतिसूत्रांत शलमोन म्हणतो की, द्वेषाच्या घरातील पुष्ट बैलाच्या मेजवानीपेक्षा प्रीतीच्या घरातील भाजीभाकर बरी. त्याच्या घरी बैलांची काय वाण! तरीही त्याने हे लिहिले. आमच्या प्रभूनेही पाच हजारांना जेवू घातले तेव्हा आपल्या सामर्थ्याने पक्वान्ने निर्माण केली नाहीत. एका मुलाजवळ जवाच्या भाकरी होत्या. जव हे गरिबाचे धान्य. ती शिदोरी त्या मुलाने झाकून ठेवली असती तर? त्याने ती पुढे केली, प्रभूने हाती घेतली, उपकारस्तुती केली, आणि तीच वाढली.

त्या चाळीतील बाईकडे आम्ही पुन्हा गेलो होतो. या खेपेस भांडे झाकलेले नव्हते.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तू भूमीतून उगविलेल्या अन्नाची आम्ही लाज धरली, याची आम्हांस क्षमा कर. ज्यांच्या कष्टाचे मोल त्यांच्या ताटापर्यंत पोचत नाही, त्यांच्यासाठी आमची मने व आमच्या थैल्या उघड. आमच्या मुलांची तोंडे सतेज कर. आमच्या घरात जे आहे ते उघडून ठेवावयास, आणि जे आहे त्यातून वाटावयास आम्हांस शिकव. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.