गिरिजात्मजाच्या दारात

अष्टविनायकाला निघालेल्या गाड्यांना हल्ली एकच घाई: दोन दिवसांत आठ गणपती. रीत मोरगावपासून निघून मोरगावलाच सांगता करण्याची. गाडी मात्र सोयीच्या रस्त्याने जाते. जाऊ दे, त्यात काही बिघडत नाही. पण लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाला तीनशेच्या आसपास पायऱ्या धापा टाकत चढायच्या आणि हात जोडून लगेच मागे फिरायचं, हे काही खरं नाही. जरा टेका तिथं. या देवळाचा सभामंडप मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार, पहिल्या ते तिसऱ्या शतकात कोरलेल्या लेण्यांतला. एवढा प्रशस्त, तरी मध्ये एकही खांब नाही. कडेला भिक्षूंच्या छोट्या खोल्या. एखादीत डोकावून पाहा. खालून ड्रायव्हरचा फोन येईलच. येऊ दे, पुढचा गणपती ओझरचा, तो काही लांब नाही.