मुलांच्या जत्रेत मोठ्यांचा पेला

मुलांच्या आनंदासाठी उभारलेल्या उद्यानात मोठ्यांसाठी दारू विकावी की विकू नये? वरवर पाहता हा प्रश्न उपाहारगृहाच्या मेनूकार्डापुरता वाटतो. ज्याला हवी त्याने घ्यावी, नको त्याने घेऊ नये, असे सोपे उत्तरही चटकन सुचते. परंतु अमेरिकेत या प्रश्नावर वर्षानुवर्षे वाद झडत आले आहेत. तो वाद नीट पाहिला तर कुटुंबाची सोबत, पाहुणचार आणि स्वातंत्र्य या आपल्याही जिव्हाळ्याच्या गोष्टी त्यात गुंतलेल्या दिसतात.

वॉल्ट डिस्ने हे नाव घरोघरी ठाऊक आहे. आपल्या दोन लहान मुलींना घेऊन ते लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जात असत. मुली मेरी-गो-राउंडवर बसायच्या आणि वडील बाकावर बसून शेंगदाणे खात त्यांची वाट पाहायचे. आईवडील आणि मुले एकत्र मजा करू शकतील असे ठिकाण का असू नये, हा विचार आपल्याला त्या बाकावर सुचला, असे ते पुढे सांगत. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाले. तिथे दारू विकायची नाही, हा त्यांचा नियम होता. दारू आली की धिंगाणा घालणारी माणसे येतात आणि इथे येणाऱ्याला तिची गरजही नाही, अशी त्यांची भूमिका होती.

हा नियम पुढे कसा सैल होत गेला, ते पाहण्यासारखे आहे. १९७१ साली फ्लोरिडात मॅजिक किंगडम उघडले, तेव्हा तिथेही दारूबंदी होती. मात्र त्याच परिसरात १९८२ साली सुरू झालेल्या एपकॉट या दुसऱ्या उद्यानात वाइन आणि बिअर मिळू लागली. आज तिथल्या अकरा देशांच्या दालनांतून एकेक पेला घेत फिरण्याची काही तरुणांमध्ये चालच पडली आहे. १९९२ साली पॅरिसजवळ युरोपातील उद्यान सुरू झाले. जेवणाबरोबर वाइन न मिळणे फ्रेंच लोकांना रुचले नाही. पुढच्याच वर्षी, १९९३ साली, नियम बदलावा लागला. मॅजिक किंगडमने ४१ वर्षे नियम पाळला. नोव्हेंबर २०१२ मध्ये तिथल्या फ्रेंच पद्धतीच्या एका नव्या उपाहारगृहात रात्रीच्या जेवणासोबत वाइन आणि बिअर देण्यास सुरुवात झाली. ‘फक्त एकच जागा, फक्त रात्री, फक्त जेवणाबरोबर’ असे तेव्हा सांगण्यात आले. २०१८ पर्यंत टेबलावर वाढणाऱ्या तिथल्या सर्वच उपाहारगृहांत मद्य मिळू लागले होते, आणि २०२५ साली समुद्री चाच्यांच्या थाटाची एक मद्यशाळाच तिथे उघडली. मूळच्या डिस्नेलँडमध्येही २०१९ पासून सर्वांसाठी एक मद्यशाळा आहे.

याउलट, बिअर हाच ज्यांचा व्यवसाय अशीही उद्याने होती. फ्लोरिडातील टॅम्पा येथे १९५९ साली सुरू झालेले बुश गार्डन्स मद्याच्या कारखान्याला लागूनच होते. पाहुण्यांना फुकट बिअर देण्याची तिथली प्रथा २००९ सालापर्यंत चालू होती. तिथे उद्यान कुटुंबासाठी होते, हे खरे. पण ते बिअरसाठीही होते.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनचे तिवोली उद्यान १८४३ पासून आहे. तिथे आजीआजोबा, आईवडील, नातवंडे एकत्र येतात आणि मोठी माणसे जेवताना बिअर घेतात. त्याने त्या उद्यानाची रया गेली, असे कोणी म्हणत नाही. ज्या समाजात जेवणाबरोबर पेलाभर वाइन घेणे भाकरीइतके साधे आहे, तिथे बंदी हाच उलट अपमान वाटतो. शिवाय बंदी नेहमी प्रामाणिक असतेच असे नाही. डिस्नेलँडमध्येच १९६७ सालापासून सभासदांसाठी एक खासगी क्लब होता आणि तिथे मद्य मिळत असे. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या सामान्य बापाला नियम, आणि आत बसलेल्या श्रीमंताला सवलत! दारू वाईट म्हणून बंद आहे की फक्त गरिबाच्या हातात वाईट आहे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो चुकीचा ठरणार नाही.

आपण ख्रिस्ती माणसे तर वाइनला पाप म्हणूच शकत नाही. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा प्रभूने यजमानाची लाज राखली. वेदीवर आपण द्राक्षारसच अर्पण करतो. खादाड आणि दारुडा असा आरोप तर खुद्द येशूवरही झाला होता. ख्रिस्तसभा निषेध करते तो अतिरेकाचा, आणि शिकवते तो संयम. तेव्हा ‘दारू वाईट, म्हणून उद्यानात नको’ हा युक्तिवाद आपल्याला पुरा पडत नाही.

मग आक्षेप कशाला? आक्षेपाची जागा पेल्यात नाही, त्या उद्यानाच्या हेतूत आहे.

डिस्नेंना ज्या बाकावर कल्पना सुचली, तो बाक पुन्हा आठवा. बाप तिथे होता, पण खेळात नव्हता. त्या बाकावरून उठून मुलांबरोबर पाळण्यात बसता यावे, यासाठी ते उद्यान जन्माला आले. मद्यशाळा त्या बापाला पुन्हा बाकावर नेऊन बसवते, फक्त शेंगदाण्यांच्या जागी पेला देते. ‘तुम्ही आईबरोबर जा, मी इथेच आहे,’ हे वाक्य मुलांच्या ओळखीचे असते. ते वाक्य घरी ऐकू येते, लग्नात ऐकू येते, सहलीत ऐकू येते. एक दिवस तरी ते ऐकू येऊ नये, एवढीच त्या मुलाची इच्छा असते. दारू न पिताही मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला बाप गैरहजरच असतो, हेही मान्य केले पाहिजे. पण म्हणून गैरहजर राहण्याची आणखी एक सोय विकत द्यावी, असे होत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी अहवालानुसार तिथे सुमारे ७५ लाख मुले, म्हणजे दहातले एक मूल, मद्याच्या विकाराने ग्रासलेल्या आईबरोबर किंवा वडिलांबरोबर राहते. अशा मुलाच्या डोळ्यांनी उद्यानाकडे पाहा. कित्येक महिन्यांनी घर बाहेर पडले आहे. बाबा आज चांगले आहेत, हसत आहेत. आईही कधी नव्हे ती निर्धास्त आहे. तेवढ्यात वळणावर पाटी दिसते. आईचा चेहरा उतरतो आणि त्या मुलाला पाळण्यातले काही दिसेनासे होते. ‘ज्याला नको त्याने घेऊ नये’ हे उत्तर बाबांसाठी असेल. मुलाला त्यात निवड कुठे आहे? दारू सोडण्यासाठी रोज झगडणाऱ्या माणसालाही हेच लागू पडते. जिथे तो निश्चिंतपणे बायकामुलांना नेऊ शकतो अशा जागा जगात फार थोड्या उरल्या आहेत.

संत पौलाने रोमच्या मंडळीला लिहिताना नेमका हाच पेच हाताळला आहे. खाण्यापिण्याचे स्वातंत्र्य त्याने नाकारले नाही. परंतु आपल्या खाण्याने किंवा द्राक्षारसाने दुर्बळ भाऊ अडखळत असेल तर ते टाळणे बरे, असे तो सुचवतो. ‘माझा हक्क आहे’ याच्या पुढचे पाऊल ‘माझ्या हक्काचा भार कोणावर पडतो’ हे आहे. हक्क सोडून देणे ही सक्ती नव्हे, ती प्रीती आहे.

‘दुर्बळासाठी सगळ्या जगाने का थांबावे?’ असे कोणी विचारील. सगळ्या जगाने थांबू नये. मद्य मिळण्याच्या जागा हजारो आहेत. त्यातल्या काही मोजक्या जागा मुलांसाठी मोकळ्या ठेवणे, यात कोणाचेही स्वातंत्र्य हिरावले जात नाही. दिवसभर तहान आवरता येत नसेल, तर मात्र ते स्वातंत्र्य राहिलेलेच नाही.

हा वाद केवळ परदेशी नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा द्राक्ष उत्पादकाला आधार मिळेल, असे कारण देण्यात आले. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला. शेतकऱ्याची अडचण खरीच होती. पण आईबरोबर दूध आणि बिस्किटे घ्यायला आलेल्या मुलासमोर बाटल्यांचे कपाट उभे राहावे काय, हा प्रश्नही तितकाच खरा होता.

आणि आपल्या अंगणातल्या जत्रेचे काय? बाळाचा बाप्तिस्मा, मुलांचा पहिला ख्रिस्तप्रसाद, धर्मग्रामाचा सण, उन्हाळ्यातली सहल हे सगळे दिवस मुलांचे आहेत. त्या दिवशी मंडपाच्या मागे किंवा बसच्या शेवटच्या बाकावर काय चालते, हे मुलांना आपल्या अपेक्षेपेक्षा लवकर कळते. पुढच्या वेळी यजमान म्हणून पाहुण्यांची यादी करताना त्या यादीत एखादे मूल किंवा दारू सोडलेला एखादा भाऊ आहे का, एवढे पाहावे आणि मग काय मागवायचे ते ठरवावे.