पत्र्याच्या डबीची मंजुरी

वायफायवर चालणारं उपकरण बनवणारा छोटा उद्योजक रेडिओचं सर्किट सहसा स्वतः रचत नाही. तयार मॉड्यूल घेतो. उदाहरणार्थ ईएसपी32-वरूम: पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा, पत्र्याच्या डबीखाली चिप आणि कडेला तांब्याची नागमोडी रेघ, म्हणजे अँटेना. डबीवर एफसीसी या अमेरिकी नियामकाचा क्रमांक असतो. तो पाहून माणूस निर्धास्त होतो: मंजूर मॉड्यूल बसवलं, म्हणजे आपलं उपकरणही मंजूर.

पण मंजुरी मिळाली कशाला? प्रयोगशाळेत मोजतात ते हवेत गेलेल्या लहरी, आणि हवेत काय जाईल हे एकटी चिप ठरवत नाही. अँटेना, तिच्याजवळचा धातू, मिळणारा वीजदाब या सगळ्यांचा त्यात हात असतो. तंबोऱ्याची तार तीच ठेवून भोपळा बदलला तर नाद बदलतो, तसंच हे. मग बाकीचं उपकरण न पाहता मॉड्यूलला मंजुरी देता तरी कशी येते?

तर मॉड्यूलला भोवतालापासून शक्य तितकं तोडून. एफसीसीच्या अटी या नजरेनं वाचल्या की त्यांचा मेळ लागतो. पत्र्याची डबी हवी, म्हणजे शेजारच्या सर्किटचा परिणाम आत पोचत नाही. वीजदाब स्थिर ठेवण्याची सोय मॉड्यूलमध्येच हवी, म्हणजे बाहेरचा पुरवठा हलला तरी रेडिओची ताकद बदलत नाही. येणाऱ्या डेटापुढे बफर हवा, म्हणजे बाहेरून डेटा कसाही आला तरी लहरी मर्यादेबाहेर जात नाहीत. अँटेना कायमची जोडलेली हवी, नाहीतर तिचा कनेक्टर वेगळ्या घडणीचा हवा. घरच्या राउटरच्या अँटेनांना दिसतो तो उलट्या पिनेचा आरपी-एसएमए कनेक्टर या शेवटच्या अटीतूनच रुळला. ग्राहकानं जास्त ताकदीची अँटेना लावू नये हा हेतू. आता तो कनेक्टर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, त्यामुळे हेतू कागदावरच राहिला, हा भाग वेगळा.

एवढं करूनही काही गोष्टी तोडता येत नाहीत, आणि घोटाळा तिथेच होतो. अँटेनेची रेघ डबीबाहेरच असावी लागते. तिच्यावर धातूचं झाकण आलं की तिचा मेळ बिघडतो, पल्ला घटतो, आणि नको त्या वारंवारितेवरचं उत्सर्जनही वाढू शकतं. वायफायच्या पट्ट्यातल्या 2440 मेगाहर्ट्झची दुप्पट 4880, आणि ती एफसीसीनं राखून ठेवलेल्या पट्ट्यात पडते. दुसरी गोष्ट माणसाचं शरीर. बहुतेक मॉड्यूलं ‘शरीरापासून निदान 20 सेंटिमीटर दूर’ या गृहीतावर मंजूर झालेली असतात. भिंतीवरच्या स्विचला ते ठीक. तेच मॉड्यूल मनगटी पट्ट्यात घातलं की गृहीत कोसळतं, आणि शरीरात किती ऊर्जा शोषली जाते याचा हिशेब नव्यानं द्यावा लागतो. शेजारी सिमकार्डाचं मॉड्यूल बसवलं तर दोन्ही एकाच वेळी चालतात तेव्हा काय होतं, हेही तपासावं लागतं. आणि तुमच्या स्वतःच्या प्रोसेसरची, पॉवर सप्लायची रेडिओ-खरखर मॉड्यूलच्या कागदात कधी नव्हतीच. तिची चाचणी तुमच्याच माथी.

अँटेना बदलायची असेल तर? त्याच प्रकारची, तितक्याच किंवा कमी गेनची (म्हणजे एका दिशेला लहरी एकवटण्याच्या क्षमतेची) चालते. त्यापलीकडचा बदल नोंदवण्याचा अधिकार मंजुरी ज्याच्या नावावर आहे त्याला, म्हणजे मॉड्यूल बनवणाऱ्याला. शंभर नग घेणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तो धावपळ करेल, ही आशा न ठेवलेली बरी. त्याच्या संमतीनं आपल्या नावावर वेगळा क्रमांक घेता येतो, पण मग सगळी जबाबदारीही आपली.

भोवताल म्हणताना त्यात देशही धरायला हवा. अमेरिकेत 902 ते 928 मेगाहर्ट्झवर चालणारं लोरा (लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओचं) मॉड्यूल पुण्यात त्याच पट्ट्यात सुरू केलं तर ते मोबाइल फोन वापरतात त्या वारंवारितांवर जातं. भारतात अशा कामासाठी 865 ते 868 हा पट्टा परवान्याविना खुला आहे. शिवाय इथे विकायचं तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचं ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराला मंजुरी, लागतं. त्या अर्जाला मान्यताप्राप्त परदेशी प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल जोडता येतो. एफसीसीचं प्रमाणपत्र मात्र ईटीएच्या जागी चालत नाही.